जवळचं भाडं, लांबचा ताप

माझ्या ट्रकला भाडं मिळतं, चाकण ते भिवंडी. दलाल फोनवर म्हणतो, "शेठ, जवळच तर आहे, दुपारपर्यंत मोकळे व्हाल." मोकळे! चाकणच्या तळेगाव चौकातच अर्धी सकाळ जाते. पुढे गोडाऊनच्या गेटवर टोकन घ्या आणि बसा. वॉचमन सांगतो, "माल उतरवायचा डॉक रिकामा नाही, जेवून या." हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागितलं की लगेच, "एवढ्याशा ट्रिपला कसलं हॉल्टिंग?"

भाडं ठरवताना मात्र किलोमीटर मोजतात. अरे, नागपूरच्या गाडीला माल भरायला-उतरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मलाही लागतो ना? तिचा तो खर्च ७०० किलोमीटरमध्ये जिरतो. माझा कुठे जिरवू? वर वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, गाडीवाल्याच्याच माथी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून वाहतूकदार संघटना वर्षानुवर्षं बोंबलतायत, पण गेटवर ऐकतो कोण?

परतीच्या भाड्याचं तर विचारूच नका. संध्याकाळी भिवंडीत रिकाम्या गाड्यांची ही रांग! त्यामुळे जेमतेम डिझेल-टोल निघेल एवढाच आकडा बोलतात. नको म्हटलं तर मागचा तयारच असतो.

दलाल कमिशन आधी कापणार, बाकीचे पैसे पोच, म्हणजे माल पोचल्याची पावती, मिळाल्यावर. पोच व्हॉट्सॲपवर टाकली की "ओरिजिनल पाठवा." ओरिजिनल कुरियर केली की "अकाउंटवाले सुट्टीवर आहेत." मग मीही फायनान्सवाल्याला सांगू का, की बाबा, या महिन्याचा हप्ता पोच आल्यावर काप?