कानात घातलेली तक्रार

परवा ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या काकूंनी विचारलं, कानातली कुठून घेतलीस गं, छान आहेत. म्हटलं घेतलेली नाहीत काकू, आमच्या मिक्सरची आहेत. मुलुंडला सुरू झालेलं बोलणं घाटकोपर आलं तरी चालूच होतं.

झालं असं की मिक्सरचा कपलर तुटला. मोटर आणि भांड्याचं पातं जोडणारा, हाताच्या मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा तुकडा. मोटर गरगर फिरत होती, पण सर्व्हिस सेंटरवाला म्हणे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. घेऊन चारच वर्षं झालेली! नौपाड्यातल्या रिपेअरवाल्या काकांनी तीन वेगवेगळे कपलर लावून बघितले, एकही बसेना, कारण कंपनीने आटेच वेगळे ठेवलेत. मला इतका राग आला की मी ती मोटर त्यांच्याकडूनच उघडून घेतली आणि आतली तांब्याची तार घरी आणली.

तारेवरचं इनॅमल पॉलिशपेपरने खरवडायचं, जाळायचं अजिबात नाही, तो धूर विषारी असतो आणि भंगारात तारा जाळणाऱ्यांच्या छातीत तोच जातो. मग चिंच-मीठ लावून पितळेच्या भांड्यासारखं घासायचं, विणायच्या सुईवर वेटोळी घालायची, हूक चांदीचे लावायचे म्हणजे कान हिरवे होत नाहीत. मेलेल्या चार्जरमधले रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे बारके तुकडे, तर मण्यांसारखेच दिसतात, पिवळा-जांभळा-लाल पट्टे म्हणजे ४.७ किलोओहम, फक्त डाखाची टोकं आधी कापून टाका कारण जुन्या डाखात शिसं असतं.

कंपन्यांनी वस्तू मुद्दाम टिकू न देणं काही आजचं नाही. १९२४ मध्ये ऑस्राम, फिलिप्स वगैरे कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं की बल्ब हजार तासच टिकला पाहिजे, जास्त टिकला तर बनवणाऱ्यालाच दंड. आपल्याकडे राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, स्पेअर पार्ट द्यायचीच सक्ती पाहिजे आणि तीही किती वर्षं ते लिहून.

आणि दागिन्याने काय होणार असं मला घरातूनच ऐकावं लागतं. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांना सुटून आल्यावर एक ब्रोच द्यायचे, त्याच चळवळीतल्या सिल्व्हिया पँकहर्स्टने काढलेलं डिझाइन, पार्लमेंटचं जाळीचं दार आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवरचा बाण. जी शिक्षा लाज वाटावी म्हणून दिली तीच त्या छातीवर मिरवत होत्या. कस्टमर केअरला मी एकटी होते, दोन मिनिटांत फोन कट. डब्यात माझ्या कानातल्यांवरून सहा-सात जणी बोलत होत्या आणि प्रत्येकीकडे असा एक मिक्सर, एक फोन, एक वॉशिंग मशीन निघालं.

वाशीच्या एका एक्झिबिशनला स्टॉल लाव म्हणून खूप जणी सांगतात. नाही लावणार. विकायला लागले की मला रोज मेलेले मिक्सर लागतील आणि मग मीच त्यांच्या मरणाची वाट बघत बसेन. शिकवते मात्र, रविवारी आमच्या सोसायटीत, या कोणीही. अट एकच, आणलेली वस्तू आधी दुरुस्त करायचा प्रयत्न करायचा, खरंच गेली असेल तरच पक्कड लावायची.

काल त्या काकूंनी इस्त्री आणून दिली, म्हणाल्या याचं कर काहीतरी. उघडून बघितली तर नुसती वायर तुटलीय. सोमवारी बदलून परत देतेय.