ब्रेक पेडल अजून स्पंजी (दाबल्यावर मऊ) लागतंय, त्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की माझ्या लेखात वाचून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, अख्खा रविवार गेला, तरी पेडल स्पंजीच, आणि बाटलीत आलेलं ब्रेक ऑइल फेकायला सांगणं म्हणजे पैशाची नासाडी, म्हणून तुम्ही ते गाळून परत टाकलं. पहिली गोष्ट, चूक माझी आहे. "पेडल दाबा, निपल (चाकापाशी ब्रेकवर असलेला हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा" एवढंच लिहून मी पुढे गेलो, पेडल सोडायच्या आधी निपल बंद झालंच पाहिजे हे लिहायचं राहिलं. निपल उघडं असताना पाय उचलला की हवा परत आत ओढली जाते, मग दिवसभर करत बसा, काढली तेवढी परत आत.

आमच्याकडे मी चाकापाशी आणि भाऊ सीटवर असतो. तो हळूहळू दाबतो (धडाधड पंप केलं तर बुडबुड्यांचा फेस होतो आणि तो लवकर निघत नाही), दाबून "धरलं" म्हणतो, मग मी रिंग पान्याने निपल पाव फेरा ढिलं करतो, पारदर्शक नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे येताना दिसतात, पेडल खाली जातं, मी निपल आवळतो आणि मगच "सोड" म्हणतो. दर पाच-सहा वेळांनी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल बघायचंच, ती रिकामी झाली तर हवा आत जाते.

पण गाळलेल्या ऑइलचं मला अजिबात पटलेलं नाही. गाळल्याने कचरा जातो, पाणी जात नाही, आणि हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. आंबेनळी घाट उतरताना जुन्या ऑइलवर माझं पेडल एका वळणावर पार खाली गेलं होतं, हँडब्रेकवर कशीबशी गाडी कडेला घेतली, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. सीलबंद नवी बाटली आणा आणि सगळं ऑइल बदला.

अजून एक, तुम्ही पुढचे कॅलिपर (डिस्कला पॅडने दाबून धरणारा ब्रेकचा भाग) काढून साफ केले म्हणताय, तर बसवताना डावा-उजवा उलटे तर झाले नाहीत ना बघा. निपल वरच्या बाजूला हवं, ते खाली गेलं तर हवा वरच अडकून राहते.

पेडल कडक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका प्लीज. आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, मधे डबी पूर्ण रिकामी झाली होती का, हे कळवा, कारण तसं असेल तर एबीएसच्या युनिटमधली हवा बहुधा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावूनच काढावी लागेल.