‘एडिटिंगमध्ये होऊन जाते’ म्हणणं बंद करा!

काही होऊन जात नाही! पोट्टे लोणार सरोवरासमोर उभे दिसले पाहिजेत, म्हणून हिरवा पडदा लावला. कोणता? मांडवाचा, चुरगळलेला, अर्धा उन्हात अन् अर्धा सावलीत! अरे, सॉफ्टवेअर रंग पाहून पडदा कापते अन् तिथं सरोवर बसवते. एकाच पडद्यावर दहा हिरवे असले तर त्यानं कोणता काढायचा? इस्त्री फिरवायला काय जाते? पोरगी पडद्याला चिकटून उभी. पाच-सहा फूट पुढं घ्या म्हटलं तर जागा नाही म्हणे. मग गालावर हिरवी झाक येणारच ना! त्यात हातभर हिरव्या बांगड्या. मनगटातून आरपार सरोवर दिसते, अन् वरून मलाच विचारतात, "दादा, हात कुठं गेला?" बांगड्या काढायच्या नसतील तर निळा पडदा लावा ना!

सगळ्यात जास्त डोकं फिरते ते क्लिप मोबाईलवरून फॉरवर्ड करतात तेव्हा. फोन आधीच ४:२:० मध्ये शूट करतो, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच. ती पाठवताना आणखी दाबली जाते, मग केसांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणायला काय होते? पोरांनी एवढं मन लावून पाठ केलं, त्यांच्यासाठी पडदासुद्धा ताणून बांधवत नाही?