पेन वेगवेगळे वापरा, भाऊ

पीएचडी करायचीय का तुम्हाला? करून टाका भो. नावाआधी डॉ. लागतं, लग्नपत्रिकेत शोभतं, चौकातल्या फ्लेक्सचं तर विचारूच नका. मी स्वतः काही डॉक्टर नाही, बीएस्सी अ‍ॅग्री करून रावेर तालुक्यात केळी लावतो, पण मागच्या रविवारपासून मला ह्या विषयात एवढं ज्ञान झालंय की वाटल्याशिवाय राहवत नाही.

झालं असं की साडूच्या ओळखीतले एक सर घरी आले. कुठल्या कॉलेजचे ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तुमच्याकडेही तेच येऊन गेले असतील. विषय काय, तर 'केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ रावेर तालुका'. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं चला, कोणीतरी विचारायला तर आलं. ओट्यावर खाट टाकली, चहा सांगितला, म्हटलं सर आधी बागेत चला. सर म्हणे नको, रात्री पाणी सोडलेलं दिसतंय, बूट खराब होतील. आणि झेरॉक्सचा गठ्ठा पुढे सरकवला. साठ फॉर्म, एकेकात बावन्न प्रश्न. "तुम्हीच भरून टाका सगळे, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. फक्त पेन वेगवेगळे वापरा, भाऊ." पेनंही सोबत आणली होती, दोन निळी, एक काळं, एक जांभळं. गाडीला किक मारता मारता म्हणे, दोन-तीन फॉर्मवर चहा सांडला तरी चालेल, फील्डवर्क केल्यासारखं वाटतं.

माझी सासू अमळनेरची, आत भाकरी थापत होती. तिथूनच तिने विचारलं, "काय इचारी ऱ्हायना हाऊ?"

म्हटलं काहीच नाही विचारत आहे.

तर होतकरू संशोधकांनो, ऐका. पहिली गोष्ट, प्रश्न पडू देऊ नका. प्रश्न पडला की संपलं, मग उत्तर शोधावं लागतं. त्यापेक्षा विषय घ्या. विषय तयार मिळतो, त्याला 'चिकित्सक' लावा, जमलं तर 'तौलनिक' लावा, आणि शेवटी तालुका टाका. जळगाव जिल्ह्यात तालुके पंधरा, धुळ्यात चार, नंदुरबारात सहा. एका विषयात पंचवीस डॉक्टर होतात, आहात कुठे! बचत गट झाले की सिंचन घ्या, सिंचन झालं की ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण घ्या, ते कधीच संपत नाही.

प्रश्न पडलेल्या लोकांचं काय होतं बघायचंय? जपानमध्ये एक प्राध्यापक आहेत, कियोशी माबुची. त्यांना पडला प्रश्न, केळाच्या सालीवरून माणूस घसरतो म्हणतात तर नक्की किती घसरतो. मग काय, बूट, साल आणि फरशी यांच्यामधलं घर्षण मोजत बसले. गुणांक निघाला ०.०७ च्या आसपास. म्हणजे सालीच्या आतल्या बाजूचा तो बुळबुळीत पदार्थ दाबला गेला की बूट जवळपास बर्फावर असल्यासारखा जातो. २०१४ साली त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असेल तर मिळतं ते. आता ह्या माणसाचं मूळ काम काय, तर माणसाचे सांधे, कृत्रिम गुडघे वगैरे. हाडावर हाड घासत का नाही ह्या प्रश्नावरून केळाच्या सालीवर पोहोचले. आणि इथे आम्ही, आयुष्यभर केळात राहिलेली माणसं, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून पेढे वाटणारी. सालीवर घसरून दोनदा पडलोय, पण मोजावं असं कधी मनात आलं नाही. बघा, प्रश्न न पडण्याचं किती उत्तम वळण आहे आपल्याला.

बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या दोन डॉक्टरांना शाळकरी पोरं नाकात किती वेळा बोट घालतात हा प्रश्न पडला. केरळच्या कृषी विद्यापीठातल्या दोघांना हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ न सोलता कसं काढायचं हा पडला. दोन्ही जोड्यांना इग नोबेल. हसू नका, हत्तीला औषध किती द्यायचं हे कुणालातरी ठरवावं लागतंच ना. पण तुम्ही असल्या भानगडीत पडू नका. लोक हसतील आणि प्राध्यापकी बढतीचे गुण वाढतीलच असं नाही.

दुसरं, उत्तर आधीच ठरवा. गृहीतक असं घ्यायचं की ते खोटं ठरायची सोयच नको. 'शेतकऱ्यांना समस्या आहेत.' शेवटच्या प्रकरणात लिहा, गृहीतक सिद्ध झाले. टाळ्या.

तिसरं, गाइडच्या विरुद्ध काही निघू देऊ नका. इरावती कर्वे शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनला गेल्या होत्या, गाइड ऑयगेन फिशर, मोठं नाव, वंशशास्त्रवाला. गोऱ्यांच्या कवटीत काहीतरी खास असतं असं त्याचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असलं काही दिसत नाही. परक्या देशात, त्याच गाइडच्या हाताखाली. आपल्याकडे गाइडच्या मुलीच्या लग्नात वाढपी म्हणून उभं राहावं लागतं, कवट्या कसल्या मोजता.

चौथं, कॉपी-पेस्ट जपून. सॉफ्टवेअर दहा टक्क्यांच्या वर पकडतं. हिंदीतून मराठीत आणलं तर त्याच्या बापालाही कळत नाही.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फील्डवर जाऊ नका. गेलात तर काहीतरी सापडेल आणि तो फार मोठा ताप होतो. आपल्याच खान्देशातलं सांगतो. वनपिंगळा नावाचं छोटंसं घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणी पकडलेलंच नाही, सगळे म्हणाले संपलं. मधे फक्त एका इंग्रज कर्नलचा, माइनर्ट्झहागनचा, दावा होता की मी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलं. मग लोक आपले त्याच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोधताहेत. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन ह्या बाईला भलताच प्रश्न पडला, की हा कर्नल चोर तर नाही? तिने त्याचे पेंढा भरलेले पक्षी तपासले. कातडं उसवून पुन्हा भरलेलं, म्युझियममधला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावलेली. म्हणजे मांडवी बाद. मग ती आणि दोन सोबती जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून फिरत फिरत १९९७ च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि तिथे ते घुबड झाडावर बसलेलं. ११३ वर्षांनी! शहाद्यात! आपण तिथून एसटीने कित्येकदा गेलो असू, शेजारच्या सीटवरच्या माणसाला जात विचारली असेल, झाडावर काय बसलंय ते विचारलं नाही.

आणि ही बाई शहाद्यापर्यंत पोचली कशी? एका मेलेल्या माणसाने खोटं लिहिलंय का ते तपासून. पक्षीशास्त्राचा प्रश्न सुटला चोरीच्या तपासातून. कोणत्या प्रश्नाचं शेपूट कुठे निघेल सांगता येत नाही. तुम्ही उनपदेवला जाऊन गरम पाण्यात अंग शेकून आला असाल, चोपड्याकडे, दरवर्षी जत्रेला. मीही जातो. अमेरिकेत यलोस्टोनला असेच झरे आहेत, तिथे १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या माणसाला वाटलं एवढ्या उकळत्या पाण्यात काही जगत असेल का. एक जंतू सापडला. त्या जंतूच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर टेस्ट चालू लागली, तीच ती कोरोनात नाकात काडी घातल्यावर व्हायची. तेव्हा त्याला कोणी विचारलं असतं, बाबा रे, गरम पाण्यातल्या जंतूचा समाजाला उपयोग काय, तर काय सांगितलं असतं त्याने? कापसाचंही तेच. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना रेडिएशनने वांझ करून शेतात सोडले तर, हा प्रश्न ऐकायला चावट वाटतो, पण बीटीच्या जोडीने तेच करत अमेरिकेने २०१८ मध्ये त्यांच्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपली असं जाहीर केलं. आणि आपण ह्याच अळीपायी २०१७ ला काय भोगलं ते कापूसवाल्यांना सांगायची गरज नाही.

आणि आपल्याकडे प्रश्नांचा काय दुष्काळ आहे का? चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघालेत, कोरलेले, मणी केलेले, जवळपास २५ हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग! चाळीसगावात! काय खात होतं, गेलं कुठे? त्याच पाटण्याच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, १२०७ साली. आठशे वर्षांपूर्वी तिथे गणित शिकवत होते हो, फॉर्म भरून घेत नव्हते. ग्रियर्सन साहेबाने भारतातल्या भाषांच्या पाहणीच्या १९०७ च्या खंडात अहिराणीला भिल्ली भाषांच्या गठ्ठ्यात टाकलं. मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, हा वाद आमच्या घरातच सासू आणि माझ्यात चालू आहे, आमचं लेवा बोलणं आणि तिचं अहिराणी, एका ताटात जेवून एकमेकांचे अर्धे शब्द कळत नाहीत, या ना रेकॉर्ड करायला. ती पंचाहत्तरीची आहे, किती दिवस थांबेल.

राजवाडे माहीत आहेत ना, इतिहासाचार्य? मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. गावोगाव वणवण, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोठीत, वाळवी लागलेली दप्तरं काढायची. १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. तेव्हा ना ग्रँट होती ना टीए-डीए. आणि तुमचे सर मला म्हणतात बूट खराब होतील.

सहावं, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी काजूकतली चांगल्या दुकानातली आणा.

सातवं, शोधनिबंध कुठेही छापा, पैसे भरले की छापतात. २०१८ मध्ये विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीने मान्य जर्नलांच्या यादीतून एका फटक्यात ४,३०५ जर्नलं काढली होती, तरी काही बिघडलं नाही कोणाचं.

आठवं म्हणजे प्रश्नावली. माझ्यासमोर आहे ती. प्रश्न चार, आपण केळी पिकवता का? होय, नाही, सांगता येत नाही. प्रश्न एकोणीस, आपली केळी कोणत्या हंगामात लावली जाते? खरीप, रब्बी, उन्हाळी. मृगबाग आणि कांदेबाग, केळी लावायचे आमचे खरे हंगाम, हे दोन शब्द अख्ख्या फॉर्मात नाहीत, आणि अभ्यास म्हणे चिकित्सक. प्रश्न एकतीस, आपल्याला कोणत्या समस्या आहेत? त्याच्यापुढे पर्याय, पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत. मी तटस्थ लिहू का? माझ्या समस्येबद्दल मी तटस्थ आहे?

अरे, मला समस्या विचारायची होती तर बागेत यायचं होतं ना! कडेच्या सहा ओळी उपटून टाकल्यात मी, हरण्या आला म्हणून. सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. पानावर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, त्यावर औषध नाही, झाड उपटायचं आणि लांब नेऊन गाडायचं, एवढाच इलाज. मावा आणतो तो रोग, काकडी-भोपळा-मिरचीवरून, एवढं मलाही माहीत आहे. पण माझ्या कडेच्या सहा ओळीच का गेल्या आणि बांधापलीकडच्या बागेत, त्याच महिन्यात लावलेल्या, एकही झाड का नाही? शेजाऱ्याने बांधावर मका लावला होता, त्यामुळे का? की रोपंच घरून आजारी आली होती? हे मी सरांना विचारलं. चहा पिता पिता विचारलं. तर ते म्हणे, "ते आमच्या विषयात येत नाही, आमचा कॉमर्स आहे."

बरं, कॉमर्स तर कॉमर्स. मग हे सांगा की व्यापाऱ्याने सकाळी भाव एक बोलायचा आणि घड कापून गाडीत पडल्यावर दुसरा, हे का चालतं, रोज जाहीर होणारा बोर्डाचा भाव कोण ठरवतं, कापणी थांबवून दाखवायची हिंमत कोणाला होते आणि कोणाला नाही. हा तुमचाच विषय आहे ना? यावर एक प्रश्न आहे का बावन्नात? नाही. कारण तो विचारायचा तर व्यापाऱ्याकडे जावं लागेल आणि तो चहा पाजणार नाही.

मला हसायला येत नाही आता. शेवटी पगार आमच्याच पैशातून जातो, बढतीलाही पीएचडी कामी येते, आणि ज्या पोरापोरींना खरंच काहीतरी पडलंय, रात्री झोप येत नाही असं पडलंय, त्यांना गाइड मिळत नाही, कारण सीटा असल्या साठ फॉर्मवाल्यांनी भरलेल्या. माझ्या चुलतभावाची पोरगी तापीतल्या माशांवर करायचं म्हणत होती, धरणांनंतर कोणते मासे कोळ्यांच्या जाळ्यात येणं बंद झालं ते. तिला सांगितलं, हा विषय नाही, दुसरा आण. आता बँकेच्या परीक्षा देते ती. लाज वाटायला पाहिजे, सर. तुम्हालाही आणि तुमच्या प्रश्नावलीवर सही करणाऱ्यालाही.

फॉर्म मी एकच भरला, माझ्या नावाचा. मागच्या कोऱ्या बाजूला हरण्याबद्दलचे तिन्ही प्रश्न लिहिलेत, काळ्या पेनाने. काल सरांचा फोन आला, झाले का म्हणून. म्हटलं एक झालाय, बाकीचे एकोणसाठ ओट्यावर आहेत, त्या एकोणसाठ जणांची घरं दाखवतो, पायात चपला घालून या.

पेनं परत मिळणार नाहीत. जांभळं सासूने घेतलंय, दूधवाल्याचा हिशोब लिहिते.