तेरणेत होड्या नव्हत्याच! धारूरच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजेच जुनी व्यापारी पेठ तगर, असं सांगणारा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग चांगलं खडसावलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात जिच्या पात्रात गुरं चरतात, त्या तेरणेच्या काठी रोमला माल पाठवणारी पेठ होती, ही थाप आहे. इतिहाससंशोधक रा. गो. भांडारकरांनी तगर म्हणजे धारूर असं सुचवलं होतं, ते मी गाळलं. तेरच्या त्रिविक्रमाच्या देवळाला बौद्ध ठरवायची मला घाई झाली आहे. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौतुकात आजचं तेरणाखोरं मी विसरलो.

आधी पाण्याचं बोलू. तेरणा ही बालाघाटावरची नदी. तेरखेड्याच्या बाजूला उगम पावते, मांजरेला मिळते आणि मांजरेतून तिचं पाणी गोदावरीला जातं. ती बारमाही कधीच नव्हती, हे मान्यच आहे. पण गुरुजी, होड्यांचं कुणी काढलं? मी तर नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण आहे. पैठण आणि तगर इथला माल गुजरातेतल्या भडोच बंदराला गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पैठणहून अकीकासारखा दगड, तर तगरहून जाडंभरडं कापड पुष्कळ, तलम कापडाच्या तऱ्हा आणि जांभळट रंगाचं कापड. शिवाय समुद्रकाठच्या मुलखातून येणारा इतर मालही तगरला गोळा व्हायचा.

आता गाडीवानाच्या जागी बसून बघा. भरलेली गाडी घेऊन निघालेल्याला खोल, भरून वाहणारी नदी ही डोकेदुखीच. त्याला हवा असतो उतार, म्हणजे बैलांच्या पोटाला पाणी न लागता पलीकडे जाता येईल अशी जागा. बैलांना पाजायला डोह असले म्हणजे झालं. आजूबाजूला कापसाची काळी जमीन आहेच. पश्चिमेला येडशीकडे गेलं की बालाघाटाची कड लागते आणि खाली बार्शीचा मुलूख. तिथलं पाणी सीनेतून भीमेला जातं, आपलं गोदावरीला. दोन खोऱ्यांच्या सांध्यावर, घाट चढून आल्यावर पहिल्या बऱ्या नदीकाठी पेठ बसली, यात अचंबा कसला? तुम्ही जो तेरणेचा दोष सांगता, तीच मला या गावाची सोय वाटते.

धारूरचं म्हणाल तर भांडारकरांचं मत मला माहीत होतं. जागेअभावी गाळलं, आता सविस्तर सांगतो. तगर शोधायला त्या काळी बरेच जण निघाले होते. कुणी देवगिरीजवळ दाखवलं, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सांगितलं, भांडारकरांनी धारूर. १९०१ साली कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरचं नाव पुराव्यानिशी मांडलं. पाठोपाठ पुरातत्त्व खात्यातल्या कझिन्स यांनी इथली देवळं आणि अवशेष यांचं वर्णन छापलं आणि वाद जवळजवळ मिटला.

पुरावा तुम्हीच नकाशावर ताडून बघा. पेरिप्लसप्रमाणे भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तगर दहा दिवसांवर. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतं. त्याचं निम्मं पावणेदोनशे. पैठणहून तेर दीडशेच्या आसपास, धारूर शंभराच्या थोडं पुढे. दिशेवरून निकाल लागत नाही, कारण टिपणात पूर्व म्हटलंय आणि ही दोन्ही गावं आग्नेयेला येतात. पण अंतर तेरच्या बाजूचं आहे, आणि 'तगर'चं 'तेर' होणं मराठीच्या वळणाला धरूनच आहे. पुढे इ.स. ६१२च्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटात दान घेणारा तगरचा रहिवासी आहे. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, ही बिरुदावली मिरवत राहिले. धारूरचा किल्ला मोठाच आहे हो, पण तो आदिलशाहीतला. त्याला तगरच्या कुबड्या कशाला?

देवळाबद्दल. विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठासारखं छत, दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी कमान. कार्ल्याचं बौद्ध लेणं पाहिलेल्या माणसाला ही घडण लगेच ओळखू येते, फरक एवढाच की ते डोंगरात कोरलंय आणि हे विटांनी रचलंय. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पूजा चालू आहे आणि ती तशीच चालू राहावी. मुळात ते बौद्धांनी बांधलं की वैष्णवांनी, यावर अभ्यासकांत अजून दोन मतं आहेत. मी चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या बाजूचा, तुम्ही नाही. इथं आपलं जमायचं नाही.

राहिला आजच्या खोऱ्याचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. जुनं तेर गेलं कुठं, तर बरंचसं माळवदावर, म्हणजे घरांच्या मातीच्या सपाट छतावर. आपल्याकडे पांढरीची माती खणून घरावर टाकायची रीत. पाणी धरत नाही, गळत नाही. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचंच टेकाड, त्यामुळे मातीबरोबर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या निघत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या, म्हणून आज तिथं सरकारी संग्रहालय उभं आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघाच. उंचीला वीतभरसुद्धा नाही, पण दागिना न दागिना कोरलेला. तिच्याच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली, आणि ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं. मालाचा पल्ला कुठवर होता ते यावरून समजा.

आणि त्याच माळवदांचं दुसरंही ऐका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे याच तेरणेच्या खालच्या अंगाला किल्लारी-सास्तूरला भूकंप झाला, तेव्हा माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि वर वर्षानुवर्षं थर चढवलेल्या मातीच्या धाब्यांखाली दबली. हजारो गेली. हे मी तेरच्या लेखात घातलं नाही, कारण दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही. त्यावर वेगळं लिहितोय.

तोवर एक विनंती. धारूरहून बालाघाट उतरणाऱ्या जुन्या गाडीवाटा तुमच्या पिढीला ठाऊक असतील. कुठल्या गावावरून जायच्या, नदी कुठं ओलांडायच्या, एवढं लिहून पाठवा. तुमच्या नावानिशी छापतो.