भिंत बांधायची आणि तिलाच दार? : निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

स्विचवर व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये) राऊटिंग, म्हणजे पॅकेटची ने-आण, कसं करायचं, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की आधी व्हीलॅन पाडून नेटवर्क वेगळी करायची आणि मग 'आयपी राऊटिंग' ही कमांड देऊन ती परत जोडायची, म्हणजे भिंत बांधून लगेच तिलाच दार पाडायचं. करायचंच तर राउटरवर होतं, लहान उद्योगाला महागडा लेअर ३ स्विच (स्वतःच राऊटिंग करणारा) कशाला? आणि लेखाप्रमाणे सगळं करूनही तुमच्या ऑफिसात नव्या व्हीलॅनवर इंटरनेट लागलेलं नाही.

आधी दाराचं बोलू, कारण खरा वाद तिथेच आहे. एकाच व्हीलॅनमधले दोन कॉम्प्युटर बोलतात तेव्हा पॅकेट गेटवेकडे, म्हणजे नेटवर्कबाहेर जाण्याच्या वाटेकडे, फिरकतच नाही. एआरपीने (पत्ता विचारण्याच्या पद्धतीने) समोरच्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कळला की फ्रेम स्विचमधून थेट त्याच्या पोर्टला जाते. गेटवेवर कितीही कडक नियम लिहा, तिथे कोणी येतच नाही. आता आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं एखादं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राला) जोडलेला विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर, ज्याचे नियमित अपडेट २०१४ मध्येच थांबले. त्याच स्विचवर टॅलीचा कॉम्प्युटर आणि त्याच स्विचवर गेटवरचे कॅमेरे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून एका विंडोजमधून दुसऱ्यात घुसला, तो अशाच सपाट नेटवर्कमध्ये सुसाट पसरला. व्हीलॅन वेगळी केली की पॅकेटला व्हीलॅन इंटरफेसवरून (त्या व्हीलॅनच्या गेटवेवरून) जावंच लागतं आणि तिथे त्याला अडवता येतं. दार हवंच आहे सर, पण त्यावर राखण हवी. नुसतं 'आयपी राऊटिंग' देऊन थांबलं तर ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून जाणारे संदेश) तेवढे वेगळे राहतात, बाकी सगळं सगळ्यांना उघडं. एवढ्यापुरता तुमचा आक्षेप बिनतोड आहे.

राखण म्हणजे एसीएल, कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं याची यादी. समजा, टॅली व्हीलॅन १० मध्ये आहे, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर ३० मध्ये. (रेकॉर्डर कॅमेऱ्यांजवळच ठेवा, म्हणजे दिवसभराचं रेकॉर्डिंग राऊटिंगवर येत नाही.) व्हीलॅन ३० च्या इंटरफेसवर 'इन' दिशेने यादी लावा. इथे पुष्कळ जण गोंधळतात. 'इन' म्हणजे कॅमेऱ्यांकडून स्विचमध्ये येणारं, कॅमेऱ्यांकडे जाणारं नव्हे. पहिल्या ओळीत रेकॉर्डरच्या पत्त्यावरून व्हीलॅन १० कडे जाणाऱ्या टीसीपीला 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच सुरू झालेल्या कनेक्शनपुरतं) जोडून परवानगी द्या. मालकांना टेबलावरून चित्र दिसतं, पण रेकॉर्डर आपणहून टॅलीकडे कनेक्शन सुरू करू शकत नाही. दुसऱ्या ओळीत डीएचसीपीसाठी (आपोआप आयपी पत्ता मिळण्यासाठी) यूडीपी पोर्ट ६७ ला परवानगी, आणि तीही कुठूनही. पत्ता मागताना कॅमेऱ्याचा स्वतःचा पत्ता अजून ०.०.०.० असतो, त्यामुळे तिथे फक्त ३० चं सबनेट (पत्त्यांचा गट) लिहिलंत तर मागणीच अडते. बाकीचं सगळं यादीच्या शेवटच्या, न दिसणाऱ्या 'डिनाय'मध्ये (नकारात) थांबतं. मोबाईलवर कॅमेरे हवे असतील तर रेकॉर्डरपुरती आणखी एक ओळ लागेल.

राउटरवर करता येतं हे अगदी खरं. एका केबलवर ८०२.१क्यू ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी) आणि राउटरवर प्रत्येक व्हीलॅनला एक सबइंटरफेस, एवढ्यावर दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या पतसंस्थेचं आरामात भागतं. तिथे मी स्वतःही नवा स्विच घ्यायला सांगणार नाही. पण जिथे मोठमोठी ड्रॉइंग एका व्हीलॅनमधून दुसरीत सतत जातात, तिथे प्रत्येक पॅकेट त्याच केबलने वर जाऊन त्याच केबलने खाली येतं आणि लहान राउटरचा सीपीयू दमतो. लेअर ३ स्विच हेच काम हार्डवेअरमध्ये करतो. खर्चाचं म्हणाल तर हाताशी लॅन बेस आवृत्तीचा सिस्को २९६० स्विच असेल आणि त्याचं आयओएस (स्विचचं सॉफ्टवेअर) फार जुनं नसेल, तर 'एसडीएम प्रेफर लॅनबेस-राऊटिंग' देऊन रीलोड करा. १६ स्टॅटिक रूटपर्यंत (हाताने लिहिलेल्या वाटांपर्यंत) तोही राऊटिंग करतो.

आता इंटरनेट. स्विचवरून बाहेर पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जातो आणि समजा, नव्या व्हीलॅन २० मधल्या कॉम्प्युटरवरून जात नाही, असं असेल तर दोष बहुधा परतीच्या वाटेचा. १९२.१६८.२०.० हे सबनेट स्विचच्या मागे आहे हे राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं. बाहेरून आलेलं उत्तर तो आपल्या डिफॉल्ट रूटने पुन्हा बाहेरच ढकलतो. राउटरवर प्रत्येक सबनेटसाठी स्विचच्या पत्त्याकडे बोट दाखवणारा स्टॅटिक रूट घाला आणि नॅटच्या (आतले पत्ते बदलून बाहेर पाठवण्याच्या) यादीतही ती सबनेट घ्या. स्विचवर 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' दिलेला असेल तर राऊटिंग सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. तिथे 'आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढे राउटरचा पत्ता हवा. मग लाईट जाण्याआधी कॉन्फिग सेव्ह करा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही लागलं नाही तर 'शो आयपी रूट'चं आउटपुट इथेच टाका. त्यात व्हीलॅन २० ची ओळच नसेल तर बहुधा त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नाही, म्हणून इंटरफेस डाऊन असणार. आधी तिथली केबल तपासा.