भरिताचं ॲप काढणाऱ्यांसाठी

स्टार्टअप काढायचाय ना? मग पहिलं पथ्य: अमळनेरात राहत असलात तरी विप्रोच्या कारखान्याकडे बघू नका. मन खचतं. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथं तेल आणि वनस्पती तुपाची कंपनी काढली, आणि तिचा हात संगणकाला लागला तो 1980च्या आसपास. मधली पस्तीस वर्षं काय, तर तूप आणि साबण! गुंतवणूकदारापुढे असलं काही बोललात तर तो चहासुद्धा विचारणार नाही. त्या काळी गावातल्या ज्यांनी शेअर घेऊन ट्रंकेत टाकले ते पुढे कोट्यधीश झाले म्हणा, पण तो त्यांचा विसरभोळेपणा.

गुरू करायचा तर कॅलिफोर्नियातल्या ज्युसेरोला करा. चिरलेल्या फळांची बंद पिशवी दाबून रस काढायचं यंत्र, 2016 साली किंमत 699 डॉलर. वायफाय नसलं की यंत्र रुसून बसायचं. सुमारे 12 कोटी डॉलर जमवले पठ्ठ्यांनी! 2017च्या एप्रिलात ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी तीच पिशवी नुसत्या हातानं पिळून दाखवली आणि सप्टेंबरात कारभार आटोपला. लोक कंपनीला हसतात. मला विचाराल तर चूक गिऱ्हाइकाची. त्याला हात असतात हे त्यानं आधी सांगायला नको?

याच वाटेनं मी वांगी भाजायचं स्मार्ट यंत्र काढलं. कपाशीच्या काड्यांचा जाळ नको, धूर नको. मोबाइलवर थेट सूचना, ‘आपलं वांगं 60 टक्के भाजलं आहे.’ मळ्यात भरीत पार्टी ठेवून यंत्र मांडलं. एक आजीबाई बराच वेळ बघत राहिल्या. “हाई काय शे, भो?” मी क्लाउडपासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “नेट गयं मंग?” तोवर बाकीच्यांनी काड्या पेटवून वीस किलो वांगी भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायला घेतली होती. यंत्रातली दोन वांगी अजून अपडेट होत होती.

असल्या माणसांचा सल्ला घेऊ नका. विशेषतः विहिरीवरच्या त्या मोबाइल स्टार्टरपासून लांब राहा. गंजका डबा, आत एक सिमकार्ड आणि बहुधा एक पाल. शेतीची लाइट रात्री दोनला आली की शेतकरी खाटेवरूनच फोन लावतो आणि मोटार सुरू होते. अंधारात साप-विंचवातून बांध तुडवत जाणं वाचतं. एवढंच. ना कुठलं प्रेझेंटेशन, ना काळा टी-शर्ट घातलेला संस्थापक. पाइपाच्या दुकानात नटबोल्टशेजारी मिळतो, तोही घासाघीस करून. याला काय तंत्रज्ञान म्हणायचं?

माझं यंत्र सध्या आईकडे आहे. झाकण घट्ट बसतं म्हणून ती त्यात उडदाचे पापड ठेवते. ॲप मात्र इमानी. रोज सकाळी सातला आठवण करून देतं, ‘कृपया वांगं ठेवा.’